गोकाक-रामदुर्गच्या कोरड्या दऱ्यांतून झऱ्यापर्यंत: गटाने एका दिवसाची पायपीट कशी आखावी

बेळगावात डोंगर चढायला शिकणारा माणूस बहुधा पश्चिमेकडे शिकतो. आधी राजहंसगड, मग वैजनाथ, पुढे खानापूरचं रान, चोर्ला, आंबोली. तिकडे डोक्यावर झाडी असते, तासाभराने ओहोळ लागतो आणि दोन बाटल्यांत दिवस निघतो. तीच सॅक, त्याच दोन बाटल्या घेऊन लोक पूर्वेला गोकाक, रामदुर्ग, बदामीकडच्या दऱ्यांत शिरतात आणि दुपारी एकपर्यंत गटातले दोघे-तिघे डोकं धरून बसलेले असतात.

हा भाग वाळवंट नाही, पण पावसाच्या सावलीत आहे. बेळगाव शहरात जितका पाऊस पडतो त्याच्या निम्म्याहूनही कमी गोकाकला पडतो, आणि अंतर जेमतेम ७० किलोमीटर. माळावर सावलीसाठी बाभूळ आणि खैर, खाली तांबूस वाळूचा दगड. उन्हात हा दगड वरून आणि दोन्ही बाजूंनी तापतो. दरीच्या पोटात मात्र कड्याच्या पायथ्याशी बारमाही पाण्याचं एखादं कुंड असतं, ते पाहायलाच आपण जातो. सगळं नियोजन एका गोष्टीवर उभं करा: झरा हे पोचायचं ठिकाण आहे, तुमचा पाणवठा नाही. जाण्यायेण्याचं सगळं पाणी घरून पाठीवर न्यायचं.

१. ठिकाण निवडा

या दऱ्यांना गावकरी कोळ्ळ म्हणतात आणि वाट विचारताना तोच शब्द कामाला येतो. पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने देवस्थान असलेलाच कोळ्ळ निवडावा. तिथे भाविकांची मळलेली वाट असते, पाणी कुठे आहे हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं आणि काही झालं तर हाक ऐकणारं माणूस असतं.

गोकाकजवळचा योगीकोळ्ळ हा सुरुवातीला सगळ्यांत बरा. बेळगावहून दोन तासांत पोचता येतं आणि परतीला वेळ उरतो. रामदुर्ग तालुक्यात सुरेबानजवळ शबरीकोळ्ळ आहे. शबरीचं देऊळ, पाण्याची कुंडं आणि भोवती डोंगर. चालणं कमी, पण आजूबाजूच्या माळावर भटकायला भरपूर. ज्येष्ठ आणि मुलं बरोबर असतील तर हाच धरा. बदामीहून डोंगरावरून महाकूटला उतरणारी जुनी पायवाट सुमारे पाच किलोमीटरची आहे. तिथलं विष्णुपुष्करिणी कुंड झऱ्यावर भरतं, आणि वाटेवरच्या जुन्या दरवाजाशी काल-काली यांच्या हाडांच्या सापळ्यांसारख्या मूर्ती उभ्या आहेत. सुंदर वाट आहे, पण बेळगावहून बदामी दीडशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात करायची तर पहाटे साडेतीनला निघावं लागतं आणि चालक थकतो. त्यापेक्षा आदल्या रात्री बदामीत मुक्काम करा.

गोकाक धबधब्याखालची घटप्रभेची घळ आणि गोडचिनमलकीला मार्कंडेय नदीचा पट्टा नवख्या गटाने चालायला घेऊ नये. गोकाकला नदी ५२ मीटर खाली पडते, घळ देखणी आहे, पण वर हिडकलचं धरण आहे आणि मार्कंडेयवर शिरूरचं. आकाश निरभ्र असताना धरणातून पाणी सुटलं की खाली पातळी चढते. ती चढताना आवाजाआधी पाणीच येऊन पोचलेलं असतं. या जागा वरून, कठड्यामागून पाहाव्यात.

नकाशावर पाहून स्वतःच नवा कोळ्ळ शोधायचा असेल तर आधी दोघा-तिघांनी जाऊन वाट पाहून यावी. उपग्रहाच्या चित्रात जानेवारी-फेब्रुवारीतसुद्धा हिरवी दिसणारी अरुंद पट्टी म्हणजे जमिनीखाली पाणी आहे एवढंच कळतं. ते वर येतं की नाही हे जाऊनच समजतं.

२. महिना आणि दिवस

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जा. त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारचे गडगडाटी पाऊस येतात आणि दरीत तेच सगळ्यांत धोक्याचे. नंतर मार्चपासून ऊन सोसवत नाही. एप्रिल-मे मध्ये वळिवाचंही भय आणि उन्हाचंही, म्हणून ते दोन महिने सरळ सोडून द्या.

लोकांना वाटतं की पाऊस संपला म्हणजे झरा आटला. तसं होत नाही. पावसाचं पाणी वाळूच्या दगडाच्या भेगांतून हळूहळू खाली झिरपतं, खाली शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या दगडाचा, किंवा दुसऱ्या घट्ट दगडाचा थर लागला की त्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते आडवं सरकत कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडतं. या प्रवासाला महिने लागतात. म्हणून वरचा ओढा नोव्हेंबरात कोरडा पडला तरी झरा डिसेंबर-जानेवारीत चांगला वाहता असतो. मार्चनंतर धार बारीक होत जाते.

दिवस ठरवताना पंचांग उघडा. माघी पौर्णिमेला, म्हणजे भारत हुणिमेला, सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा असते. पौष पौर्णिमेच्या सुमाराला बदामीजवळ बनशंकरीची. या दिवसांत त्या बाजूच्या रस्त्यांवर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि चालत जाणारे भाविक असतात, तासाच्या वाटेला तीन तास लागतात. देवस्थानाच्या कोळ्ळात अमावास्येला, सोमवारी किंवा श्रावणात गर्दी असते. निवांतपणा हवा तर मधला वार निवडा.

३. कागदपत्रं आणि परवानगी

राखीव जंगलातून वाट जात असेल तर त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आठ-दहा दिवस आधी अर्ज द्या. वाट जंगलात येते की गायरानात, हे गावात विचारून समजत नसेल तर कार्यालयातच विचारा. सोबत लागतं ते असं:

- अर्जाच्या दोन प्रती. कन्नडमध्ये लिहिलेला असेल तर काम लवकर होतं. आपल्यातले पुष्कळजण कन्नड बोलतात पण लिहीत नाहीत, तेव्हा लिहिता येणारा सोबती आधीच गाठा. एका प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या.
- गटातल्या प्रत्येकाचं नाव, वय, फोन, रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा फोन.
- प्रत्येकाच्या ओळखपत्राची छायाप्रत. मूळ ओळखपत्र खिशात.
- वाहनाचा क्रमांक, चालकाचं नाव, आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ, वाटेचं हाताने काढलेलं चित्र.
- अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांचं सहीचं पत्र.

हीच यादी बेळगावात राहणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे ठेवा आणि त्याला सांगून ठेवा: "संध्याकाळी सहापर्यंत आमचा फोन आला नाही तर आधी चालकाला, मग गावातल्या माणसाला फोन कर. सातपर्यंत काही कळलं नाही तर ११२." हे तोंडी न सांगता लिहून द्या. ड्रोन नेऊ नका. त्याची परवानगी वेगळी असते आणि कड्यावरच्या मधमाश्यांना त्याचा आवाज चालत नाही.

४. माणसं

बारा ही चांगली संख्या. एका क्रूझरमध्ये बसतात, दरीत रांग फार लांबत नाही आणि कुणाला दुखापत झाली तर उचलायला चार, बदलीला चार आणि मदत आणायला दोन माणसं उरतात. पंधराच्या वर जाऊ नका. सहापेक्षा कमी असाल तर वाटाड्याशिवाय जाऊ नका.

तिघांना कामं वाटून द्या. पुढचा वाट धरतो, मागचा शेवटपर्यंत मागेच राहतो, मधला प्रथमोपचाराची पिशवी आणि घड्याळ सांभाळतो. मागच्याने कुणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही, लघवीला थांबलेल्यालासुद्धा. प्रत्येकाला एक अंक द्या आणि दर अर्ध्या तासाने पुढून अंक म्हणायला लावा. दरीत वळणं इतकी असतात की वीस पावलांवरचा माणूस दिसत नाही.

वाटाड्या म्हणून गावातला मेंढपाळ मिळाला तर उत्तम. पाणी, वाट आणि मोहोळ या तिन्ही गोष्टी त्याला रोजच्या असतात. मजुरी निघण्याआधी ठरवा, त्याच्या रोजच्या हजेरीपेक्षा कमी देऊ नका आणि त्याचंही जेवण-पाणी तुमच्याबरोबर घ्या. त्याने "इथून पुढं नको" म्हटलं की वाद न घालता मागे वळा. कन्नडमधली तीन वाक्यं प्रत्येकाने पाठ करावीत: "नीर एल्लैत्री?" पाणी कुठे आहे; "ऊरिगे दारी यावदरी?" गावाची वाट कोणती, "मेले जेनु ऐतेन्री?" वर मधमाश्या आहेत का.

ज्यांना रक्तदाब, दमा, मधुमेह आहे त्यांनी येऊ नये असं नाही. पण नेत्याला आधी सांगावं आणि आपलं औषध स्वतःच्या खिशात ठेवावं, दुसऱ्याच्या सॅकमध्ये नाही.

५. पाण्याचा हिशोब

हिवाळ्यातही माणशी चार लिटर. हा आकडा असा येतो: चालण्याच्या प्रत्येक तासाला अर्धा लिटर, एकूण साडेसहा तास चाल, म्हणजे सव्वातीन. जेवताना अर्धा. उरलेला पाव लिटर जखम धुवायला. फेब्रुवारीत जात असाल तर पाच. बारा जणांचं ४८ लिटर पाठीवर, आणि शिवाय गाडीत २० लिटरचा जार, त्याला कुणी सकाळी हात लावायचा नाही. तो परतल्यावरचा.

चार लिटर म्हणजे चार किलो. लोक इथेच कच खातात आणि "झऱ्यावर भरून घेऊ" म्हणून दोन बाटल्या गाडीत ठेवून देतात. मग वाट चुकते, झरा सापडायला तास जास्त लागतो, किंवा सापडतो तेव्हा त्यात गुरं उतरलेली असतात. निघताना नेत्याने प्रत्येकाची सॅक हाताने उचलून पाहावी. हलकी लागली तर बाटल्या मोजाव्यात.

एकच मोठा डबा नको. एक-एक लिटरच्या चार बाटल्या घ्या, एक फुटली तरी तीन राहतात. तहान लागण्याची वाट पाहू नका. वीस मिनिटांनी पाच-सहा घोट घ्या. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात आणि मळमळतं. म्हणून चारपैकी एका बाटलीत ओआरएस. पाकीट एक लिटरचं असेल तर ते पूर्ण एक लिटरमध्येच घाला, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने.

आणि एक नियम कडक पाळा. गटातल्या कुणाचंही निम्मं पाणी संपलं की सगळ्यांनी परत फिरायचं, झरा समोर दिसत असला तरी.

६. सॅकमध्ये काय

बूट जुने, तळ रबरी, खाच खोल. नवे बूट त्या दिवशी घालू नका. सॅंडल तर नाहीच, कारण माळावरचं कुसळ आणि सराटे पायात शिरतात आणि दगडांच्या फटीत पंजा अडकतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पूर्ण पॅंट, रुंद काठाची टोपी. रंग फिका. अत्तर, सुगंधी तेल, डिओ यांपैकी काही लावू नका, मधमाश्यांचं कारण पुढे येतं.

प्रत्येकाजवळ: बॅटरी, शिट्टी, उपरणं किंवा पंचा, सुरी, काड्यापेटी. उपरणं ओलं करून डोक्यावर घेता येतं, हात गळ्यात बांधता येतो आणि मधमाश्या आल्या तर तोंड झाकता येतं. गटाजवळ: प्रथमोपचाराची पिशवी, १०-१५ सेंटीमीटर रुंदीच्या चार क्रेप बॅंडेज पट्ट्या, ओआरएसची दहा पाकिटं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, पॉवर बॅंक, छापील नकाशा, वीस मीटर दोर. दोर उतरताना हाताला आधार म्हणून आहे. दोराशिवाय उतरताच येत नाही अशी जागा आली तर ती तुमची वाट नव्हे.

खाण्याला आपल्याकडे शोधायला नको. कडक भाकरी, शेंगा चटणी, गूळ, केळी. कडक भाकरी उन्हात खराब होत नाही. दही-भात, बटाटेभाजी नेऊ नका, दुपारपर्यंत आंबतात. गोकाकमधून जातच आहात तर करदंट घ्या, डिंक, सुकामेवा आणि गुळाचा तो तुकडा चढणीवर बिस्किटांच्या पुड्यापेक्षा कितीतरी कामाचा.

७. घड्याळ

गोकाकच्या बाजूला जायचं तर हे वेळापत्रक:

- ४.४५ बेळगावात एकत्र, ५.०० ला निघणं. उशिरा येणाऱ्यासाठी दहा मिनिटांच्या वर थांबायचं नाही.
- ७.०० पायथ्याचं गाव. चहा, वाटाड्या, पाणी मोजणं.
- ७.३० चालायला सुरुवात. दोन किलोमीटर माळ, पाऊण तास.
- ८.१५ दरीत प्रवेश. इथून तीन किलोमीटरला अडीच ते तीन तास.
- ११.०० च्या सुमारास झरा.
- १२.०० परत. ३.०० गावात, ४.०० ला गाडी.

दरीतल्या मोठ्या दगडांवरून तासाला एक-सव्वा किलोमीटरच चाल होते. रस्त्यावर तासाला पाच किलोमीटर चालणारेही इथे फार तर दीड करतात. नकाशावरचं अंतर पाहून वेळ काढणारे सगळे इथेच फसतात.

साडेअकरापर्यंत झरा गाठला नसेल तर तुम्ही जिथे असाल तिथून परत. झरा दहा मिनिटांवर आहे असं कुणी म्हणालं तरी. दरीतून ऊन माळापेक्षा तास-दीड तास आधी निघून जातं, आणि घोटे मुरगळतात ते थकलेल्या पायांनी अंधुक उजेडात उतरताना. चारला गाडी निघायला हवी याचं आणखी एक कारण रस्त्यावर आहे. नोव्हेंबर ते मार्च हा उसाचा हंगाम. गोकाक, हुक्केरी, रायबागच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर असतात आणि अनेकांना मागे दिवा नसतो. अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर असू नये.

८. दरीत चालताना

आत शिरण्यापूर्वी थांबा आणि कडेच्या झुडपांकडे पाहा. फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, काटक्या, प्लास्टिक जितक्या उंचीवर आहे तिथवर मागच्या पावसात पाणी चढलं होतं. ती रेघ डोक्यात ठेवा. त्या रेघेच्या खाली बसायचं नाही, जेवायचं नाही, सॅक ठेवायची नाही. डोक्यावर ऊन असलं तरी दूर माळावर पडलेल्या पावसाचं पाणी इथूनच जातं. कोरड्या ओढ्यात अचानक पाणी झिरपू लागलं, असलेलं पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत आल्या, गार वाऱ्याचा झोत आला किंवा गाडीसारखी घरघर ऐकू आली तर सामान सोडून लगेच बाजूने वर चढा. ओढ्याच्या दिशेने पळू नका, पाण्याचा वेग तुमच्यापेक्षा जास्त असतो.

दगडाविषयी. सह्याद्रीतल्या काळ्या दगडाच्या, बसाल्टच्या सवयीने इथल्या कडेवर भरवसा ठेवू नका. वाळूच्या दगडाच्या थरांची कड बाहेर आलेली असते, वरून घट्ट दिसते आणि खालून पोखरलेली असते. हाताने ओढून, मग पायाने दाबून पाहा, मगच वजन टाका. पाऊस पडून दोन दिवस झाले नसतील तर चढाईची वाट घेऊ नका, कारण भिजलेला दगड सुटतो. ओल्या हिरव्या शेवाळावर पाय टाकायचाच नाही. उतरताना तोंड दगडाकडे, तीन आधार घट्ट आणि एकच हात किंवा पाय हलता. उडी मारू नका. चार फुटांची उडी दिसायला किरकोळ, पण पाठीवर सॅक असते आणि खाली सपाट जागा नसते.

माणसं दहा फूट अंतराने चालावीत. वरच्याच्या पायाखालून दगड सुटला तर "दगड!" एवढंच ओरडायचं, आणि खालच्याने वर न पाहता कड्याला चिकटायचं.

हात घालण्याआधी फटीत पाहा. घोणस, फुरसं, नाग आणि मण्यार हे चारही आपल्या भागात आहेत, आणि फुरसं तर असाच तापलेला दगडाळ माळ पसंत करतं. काठी पुढे आपटत चाला. बसण्यापूर्वी दगड हलवून पाहा, खाली विंचू असतो.

पण या दऱ्यांत सापापेक्षा माणूस जास्त अडचणीत येतो तो आग्यामोहोळामुळे. कड्याच्या बाहेर आलेल्या छताखाली काळी, हातभर रुंद पोळी लटकलेली दिसतात. पाहिलं की आवाज बंद, फोनवरची गाणी बंद, दगड भिरकावणं बंद, धूर तर अजिबात नाही. शेकोटी, विडी, सिगारेट, अगरबत्ती, सगळं याच्यात आलं. पोळ्याखालून जावंच लागत असेल तर सकाळी गारव्यात, एकेकाने, न बोलता. दुपारी उन्हात ती जास्त चिडतात, आणि एखादा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालून गेला तर राग तुमच्यावर निघतो. माश्या अंगावर आल्याच तर तोंड झाकून दूर पळा, झुडपांत शिरा. हात हलवू नका, माशी चिरडू नका, कारण त्या वासाने बाकीच्या येतात. कुंडात उडी घेऊ नका. त्या वर घिरट्या घालत राहतात आणि श्वास घ्यायला तुम्हाला बाहेर यावंच लागतं.

९. झऱ्यावर

जवळ आल्याचं आधी झाडं सांगतात. खैर-बाभळीच्या रानात अचानक उंबर, करंज, जांभूळ दिसू लागले की पाणी खाली आहे. मातीत गुरांच्या खुरांच्या वाटा एका जागी गोळा होतात. डबक्याच्या काठावर गांधीलमाश्या पाणी प्यायला येतात.

झऱ्याचं पाणी थेट पिऊ नका, कितीही निवळ दिसलं तरी. वरच्या माळावर गुरं चरतात आणि त्यांचं सगळं दगडाच्या भेगांतूनच खाली येतं. अडचण आलीच तर धार जिथे दगडातून बाहेर पडते तिथूनच भरा, साठलेल्या कुंडातून नाही. चौपदरी कापडातून गाळा, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गोळी टाका आणि अर्धा तास थांबा.

कुंडात पोहायला उतरू नका. काठाचा दगड आत पाण्याखाली पोखरलेला असतो, खोली कळत नाही, आणि उन्हातून आलेलं शरीर गार पाण्यात आखडतं. गटातले चांगले पोहणारेच सगळ्यांत आधी उतरायचं म्हणतात, म्हणून हा नियम गाडीतच सांगून टाका.

साबण, शाम्पू, भांडी धुणं पाण्यात नाही. देवाचं कुंड असेल तर चपला बाहेर. पाण्यावर मेंढ्या आल्या तर बाजूला सरका, त्यांना दुसरं पाणी नाही. संध्याकाळी रानातली जनावरं तिथेच येतात, म्हणूनही दुपारी निघणं बरं. संडासला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, ओढ्याच्या पात्राबाहेर, वीतभर खड्डा करून. कचरा सगळा परत, केळ्याच्या सालीसकट.

१०. बिघडलं तर

दरीत रेंज मिळत नाही, माळावर मिळते. म्हणून मदत मागायला दोघांनी वर चढायचं, एकट्याने नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी सगळ्यासाठी ११२. फोनवर गावाचं नाव, तालुका आणि गाडी कुठपर्यंत येते हे सांगा. "कोळ्ळात आहे" एवढ्यावर कुणाला काही कळत नाही.

उन्हाचा त्रास: डोकं दुखणं, मळमळ, गोळे येणं इथवर असेल तर सावली, ओआरएस, अर्धा तास आडवं. माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, अंग भाजू लागलं तर तो उष्माघात आहे. लगेच कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, मान, काखा, जांघेत ओलं कापड ठेवा, वारा घाला आणि हलवायची तयारी करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अंगठी-घड्याळ काढा, पाय किंवा हात काठी लावून हलणार नाही असा बांधा आणि माणसाला उचलून न्या, चालवू नका. साप पकडायच्या मागे लागू नका. सरळ तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, आणि निघतानाच फोन करून विषावरची लस आहे का ते विचारा. तिथे नसेल तर वाट न पाहता बेळगावचं जिल्हा रुग्णालय.

मधमाश्यांचे काटे नखाने खरवडून काढा, चिमटीत धरू नका. ओठ सुजले, धाप लागली, अंगावर गांधी उठल्या तर एकाच डंखावरही दवाखाना. लहान मुलाला दहा-बारा डंख झाले तरी दवाखाना.

घोटा मुरगळला तर बूट काढू नका. काढला की सूज येते आणि परत चढत नाही. बुटावरूनच क्रेप पट्टी बांधा.

११. गावात परतल्यावर

आधी अंक म्हणून माणसं मोजा, मग गाडीतला जार उघडा. बेळगावच्या त्या माणसाला फोन करा. वनकार्यालयात बाहेर पडल्याची नोंद द्यायची असेल तर तीही आताच. वाटाड्याचे पैसे सगळ्यांसमोर, रोख, ठरल्याप्रमाणे द्या. कपडे झटका, गुडघ्यामागे, काखेत आणि कमरेला गोचीड चिकटली आहे का ते पाहा. चिकटली असेल तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढा, चिरडू नका. पुढच्या दोन आठवड्यांत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे सांगा.

चालकाला चहा पाजून पंधरा मिनिटं बसू द्या. तो पहाटेपासून जागा आहे.